मोडक्या खुर्च्या आणि एक पांढरा उंदीर

कॉलेजातला मानसशास्त्र विभाग म्हणजे सर एकटेच. विभागप्रमुख तेच, प्राध्यापक तेच, आणि विभागाची बैठक असली की स्वतःलाच नोटीस काढून, वेळेवर हजर राहून, स्वतःच्याच ठरावाला अनुमोदन देणारेही तेच. त्यामुळे विभागात मतभेद असे कधी झाले नाहीत. भांडण होतं ते बाहेरच्या शत्रूशी, आणि तो शत्रू म्हणजे मोडक्या खुर्च्या.

व्हरांड्याच्या टोकाला विभागाची प्रयोगशाळा होती. एक टेबल, एक काचेची पेटी, पिंजऱ्यात एक पांढरा उंदीर आणि दारावर पाटी. एके दिवशी शिपायाने तिथे तीन पायांची एक खुर्ची आणून ठेवली. "दोन दिवस राहू द्या सर, दुरुस्तीला जायचीय." ती काही दुरुस्तीला गेली नाही. उलट तिच्यामागोमाग तिचे सगेसोयरे येऊ लागले. पाठ नसलेल्या आल्या, बैठक नसलेल्या आल्या, एक तर अशी आली की तिला खुर्ची का म्हणायचं हाच प्रश्न होता. सगळ्यांनी मिळून हळूहळू हातपाय पसरले, म्हणजे ज्यांना होते त्यांनी. सरांना उंदरापर्यंत पोहोचायचं तर दोन खुर्च्या ओलांडून, तिसरीखालून वाकून जावं लागे. या वयात विद्येसाठी माणसाने किती वाकावं याला काही मर्यादा आहे, असं ते उंदराला सांगत.

सुट्टी लागायच्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"या सर, या! आत्ता तुमचाच विषय चालला होता." केबिनमध्ये दुसरं कोणी नव्हतं, पण हे सरांच्या ध्यानात आलं नाही.

प्राचार्यांची ही हातोटीच होती. कुणाला काही द्यायची वेळ आली की ते आधी भरभरून कौतुक करत, आणि कौतुक संपेपर्यंत द्यायची वेळ टळून जाई. सर या कौतुकाचे जुने गिऱ्हाईक. नोकरीच्या सुरुवातीला कधीतरी प्राचार्यांनी "वा सर!" म्हणून त्यांना खरोखरच एक पंखा बसवून दिला होता. तेव्हापासून "वा सर!" कानावर पडलं की सरांना अंगावर वारा आल्यासारखं वाटे. मग कुणी परीक्षेचं काम गळ्यात मारो, नाहीतर स्नेहसंमेलनाचा मांडव.

"सुट्टी संपली की तपासणी समिती येतेय," प्राचार्य म्हणाले. "खुर्च्यांना जागा पुरत नाहीये. आता तुम्हीच सांगा, एका उंदराला एवढी खोली?"

"साहेब, ती प्रयोगशाळा आहे."

"मी तरी वेगळं काय म्हणतोय? समितीला एक जिवंत प्रयोग दाखवा. डोळ्यांसमोर घडणारा. दाखवलात तर खोली तुमची, खुर्च्या मी उचलतो. नाही जमलं तर मात्र उंदीर तुम्ही उचला. पण वा सर, तुम्हाला कसलं न जमायला! तुमच्यासारखा माणूस आहे कुठे आपल्याकडे?"

सर वाऱ्यावर तरंगतच बाहेर आले. खाली उतरल्यावर त्यांना कळलं, की सुट्टीत इमारतीच्या वायरिंगचं काम निघालंय आणि सगळे दरवाजे बंद राहणार आहेत. म्हणजे उंदराला शिकवायचं तर घरी नेऊनच शिकवावं लागणार. त्यांनी एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात पेटी धरली आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि मग वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही.

सरांची बायको शाळेत गणित शिकवायची. त्यामुळे तिला कशाचीही सिद्धता लागे.

"हे काय आहे?"

"उंदीर."

"ते दिसतंय मला. आपल्या घरात का आहे?"

सर उत्साहाने सांगू लागले. "हे बघ, आधी एक आवाज करायचा आणि लगेच शेंगदाण्याचा तुकडा द्यायचा. आवाज, तुकडा. आवाज, तुकडा. काही दिवसांनी त्याला तो आवाजच तुकड्याइतका हवाहवासा वाटायला लागतो. मग समितीसमोर पेटीत एक दांडी बसवायची. ती दाबली की नुसता आवाज येणार, खायला काही नाही. आणि तरीही तो दांडी दाबत राहणार! केवळ आवाजासाठी! याला दुय्यम प्रबलन म्हणतात."

"याला फसवणूक म्हणतात," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. जाताना मात्र तिने शेंगदाण्यांचा डबा कुठे आहे ते सांगितलं. सरांनी यालाच होकार मानला. संसारात होकार बहुधा अशाच आडवाटेने येतो.

पहिलं विघ्न पेटीतच निघालं. आवाज करणारं तिचं यंत्र खड्ड्यांनी निकामी झालं होतं. सर दुसरा आवाज शोधू लागले. टाळी प्रत्येक वेळी वेगळी वाजायची. वाटीवर चमचा मारला की शेजारच्या घरातलं बाळ रडायचं. चुटकी सरांना लहानपणापासून वाजवता येत नव्हती, आणि हे बायकोला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. शेवटी टेबलावरचा स्टेपलर हाताला लागला. त्यांनी तो दाबला. खट्ट! नेमका, कोरडा, दर वेळी तोच. शास्त्राला आणखी काय हवं?

झालं, शिक्षण सुरू झालं. खट्ट, तुकडा. खट्ट, तुकडा. उंदीर पहिल्या दिवशी आवाजाने दचकला, दुसऱ्या दिवशी थबकला, आणि आठवडा संपायच्या आत खट्ट झालं की वाटीकडे असा धावायला लागला की सरांना वर्गातली मुलं आठवून वाईट वाटलं.

आणि मग एका दुपारी बायको मुलांच्या सराव-प्रश्नांचे गठ्ठे घेऊन बसली आणि तिने पहिला गठ्ठा स्टेपल केला. उंदीर वाटीकडे धावला. वाटीत काही नव्हतं. तिने दुसरा गठ्ठा स्टेपल केला. उंदीर परत धावला. सर आतून धोतराला आग लागल्यासारखे ओरडत आले. ते पायजमा घालत, पण ओरडणं त्याच जातीचं होतं.

"अगं थांब! थांब! रिकामा आवाज करू नकोस! आवाजापाठी तुकडा आला नाही की आवाज फुकट जातो! चार वेळा असं झालं की तो विचारणारही नाही त्याला!"

"मग मी हे कागद कशाने जोडू? डिंकाने?"

"प्रयोग संपेपर्यंत या घरात स्टेपलरला बंदी!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, गठ्ठे उचलले आणि समोरच्या दारावर टकटक केली. घरात उंदराला स्टेपलर आणि बाईमाणसाला हद्दपारी, हे तिने पुढे अनेकांना सांगितलं. पण त्या दिवशी ती फक्त गेली.

समोर राहायचे ते विमाकाका. आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेले आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून बायको खट्ट खट्ट करू लागली, तेव्हा काकांनी साहजिकच विचारलं, "घरचा स्टेपलर बिघडला का?"

"नाही. घरी उंदीर आहे."

काका काठी घेऊनच आले. सरांनी त्यांना दारात अडवून अर्धा तास दुय्यम प्रबलन समजावलं. काकांनी काठी खाली ठेवली, पण नियम उचलला.

"पाळीव प्राणी ठेवायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते."

"कुणाचा नियम?"

"सोसायटीचा. माझा नाही हो. मी फक्त लिहिला." काका खुर्चीत बसले. "परवानगी आणा, मग उंदीर काय, हत्ती ठेवा. लिफ्टमध्ये मावला पाहिजे."

सर नगरपालिकेत गेले. पहिल्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कुत्रा की मांजर?"

"उंदीर."

"उंदराची खिडकी पलीकडे."

उंदरासाठी वेगळी खिडकी आहे हे पाहून सरांना प्रशासनाविषयी प्रथमच आदर वाटला. तिथल्या बाईंनी हसून अर्ज घेतला, पत्ता नीट विचारला, घरी कोणत्या वेळी असता हेही विचारलं. सर घरी आले ते सांगतच, की लोक उगाच कार्यालयांना नावं ठेवतात, बोलायची पद्धत हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक धिप्पाड माणूस उभा. एका हातात सापळा, दुसऱ्या हातात विषाच्या गोळ्यांची पिशवी.

"उंदराचा अर्ज तुमचाच ना?"

सर पिंजऱ्यापुढे आडवे झाले. त्या माणसाने पिंजऱ्यात डोकावलं. "अरे वा, धरूनच ठेवलाय! असे नागरिक हवेत." त्याने बाही वर सरकवली.

"हा मारायचा नाही! हा ठेवायचा आहे! ठेवायचीच परवानगी मागितलीय!"

तो माणूस विचारात पडला. त्याच्या उभ्या नोकरीत उंदरासाठी परवानगी कुणी मागितली नव्हती, उंदरांनीही नाही. "साहेब, आमच्याकडे परवानगीचा प्रकारच नाही," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आमच्याकडे तक्रार येते. आली की मेलेला उंदीर दाखवायचा आणि तक्रार बंद करायची. मी रिकाम्या हाताने परत गेलो तर वर काय सांगू? उंदीर प्राध्यापक आहे म्हणून?"

"कोणता उंदीर दाखवायचा हे लिहिलंय का कुठे?" बायकोने विचारलं. गणिताच्या माणसाचं हे असं असतं.

लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ठरलं, की इमारतीत सापडेल तो एखादा काळा उंदीर सरांच्या अर्जाच्या नावाने खपवायचा. काका सेक्रेटरी या नात्याने पुढे झाले. "आमच्या इमारतीत उंदीर नाहीत," त्यांनी बजावलं. "अशा सभ्य वस्तीत एक जरी सापडला तरी मी राजीनामा देईन." सापळा जिन्याखाली लावला, गच्चीवर लावला, पाण्याच्या टाकीपाशी लावला. शेवटी तो माणूस नाक वर करून हुंगत हुंगत निघाला तो थेट काकांच्या घरात शिरला, माळ्यावर चढला आणि सोसायटीच्या जुन्या कागदांमागून मांजराएवढा एक उंदीर शेपटीला धरून बाहेर काढला. त्याच्या मागे त्याचं कुटुंबही होतं.

तक्रार त्याच दिवशी बंद झाली. राजीनाम्याचा विषय कुणी काढला नाही, आणि त्याबदल्यात काकांनीही परवानगीचा विषय काढला नाही. उलट त्या दिवसापासून ते रोज सकाळी चहाला येऊ लागले आणि प्रयोगाचे सल्लागार झाले. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं बायको पुटपुटली आणि तिने चहात पाणी वाढवलं.

"स्टेपलर काही शास्त्रोक्त वाटत नाही," काका म्हणत. "घंटा हवी."

"घंटा कुत्र्याच्या प्रयोगात, काका. हा उंदीर आहे."

"बरं, पण तुकडा दर वेळी कशाला देता? आम्ही विमा विकताना काय द्यायचो? नुसती डायरी आणि कॅलेंडर. 'आपण सुरक्षित आहात' एवढंच म्हणायचं, की माणूस हप्ता भरतो आणि वर धन्यवाद देतो. पैसे मिळेपर्यंत तो जिवंत राहतो कुठे?"

सरांनी हे हसण्यावारी नेलं. खरं तर शास्त्राच्या दृष्टीने काका पुस्तकापेक्षा मुद्द्याच्या जास्त जवळ होते. पण शेजाऱ्याकडून शास्त्र ऐकायची प्राध्यापकांना सवय नसते.

समितीच्या आधी सरांनी घरी एक रंगीत तालीम घेतली. पेटीतली खरी दांडी जपून ठेवली आणि तिच्या जागी एक लाकडी चमचा अडकवला. उंदराने इकडेतिकडे हुंगलं, चुकून चमच्यावर पाय ठेवला. सरांनी स्टेपलर दाबला. खट्ट! उंदराचे कान टवकारले. तो वाटीकडे धावला, वाटी रिकामी. परत आला, चमच्यावर पाय. खट्ट! पुन्हा धावला, पुन्हा आला. आणि मग तर त्याने चमचा सोडलाच नाही. पोटात काही पडत नसताना, नुसत्या त्या कोरड्या आवाजासाठी तो जीव तोडून चमचा दाबत होता. सरांचे डोळे पाणावले. काकांनी टाळ्या वाजवल्या.

बायको बाजूला बसून बघत होती. "बिचारा," ती म्हणाली. "असा किती वेळ दाबेल?"

"थकतो हळूहळू. म्हणून ताणायचं नाही. मध्येच पुन्हा खरा तुकडा द्यायचा, की आवाजाला धार येते."

"म्हणजे अधूनमधून खरंच दिलं, तरच फसवता येतं."

"अगं, फसवणं नाही ते!" सर म्हणाले. आणि घाईघाईने त्यांनी उंदराला तुकडा दिला.

समितीचा दिवस उजाडला. सर भल्या सकाळी पेटी आणि पिंजरा घेऊन कॉलेजात पोहोचले. उंदराला जागेची सवय व्हावी म्हणून त्यांनी त्याला पेटीत सोडलं, जवळ स्टेपलर ठेवला, आणि आता इथून हलायचं नाही असा निश्चय केला. तेवढ्यात प्राचार्य आले.

"वा सर! काय शोभतोय कोट! अहो, फाटकावर स्वागताला कुणीतरी भारदस्त हवंय. मी सगळ्यांची तोंडं पाहिली. तुमच्याशिवाय दुसरं नावच डोळ्यांसमोर येईना."

"साहेब, पण उंदीर—"

"उंदीर कुठे जातोय? पेटीत आहे. वा सर, वा!"

आणि सर गेले. हातात पुष्पगुच्छ घेऊन फाटकावर उभे राहिले. समितीची गाडी वाट चुकली होती, त्यामुळे ते बराच वेळ उभे राहिले, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला पुष्पगुच्छ देण्यासाठी पुढे होऊन परत मागे आले. एका दूधवाल्याने तो घेतलाही होता, पण समजावल्यावर परत केला.

इकडे ऑफिसात समितीच्या चहाची मांडामांड चालली होती. हेडक्लार्कना अहवालाच्या प्रती जोडायच्या होत्या आणि टेबल कुठेच मोकळं नव्हतं. ते शोधत शोधत प्रयोगशाळेत आले, त्यातल्या त्यात धड खुर्ची पाहून तिच्या कडेवर जपून टेकले, समोर स्टेपलर आयताच पडलेला दिसला आणि त्यांनी पहिला अहवाल जोडला.

खट्ट.

पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. सरांनी घरात स्टेपलरला बंदी घातली होती, बायकोला घराबाहेर काढलं होतं, पण ज्या कॉलेजात कागदाशिवाय दुसरं काही घडतच नाही तिथे बंदी घालायचं त्यांना सुचलं नाही. विद्वानाच्या हातून चूक होते ती अशी ठळक होते.

सर समितीला घेऊन प्रयोगशाळेत आले तेव्हा दारात शिपाई, माळी आणि ग्रंथपाल घोळक्याने उभे होते, आणि घाईघाईने पांगले. समितीच्या अध्यक्षबाई संख्याशास्त्राच्या होत्या. बारीक चष्मा, बारीक नजर. त्या खुर्च्यांमधून वाट काढत पेटीपाशी आल्या.

सरांनी खाकरून प्रास्ताविक केलं. या प्राण्याला एक विशिष्ट ध्वनी अन्नाइतकाच प्रिय झाला आहे, ही दांडी त्याने कधी पाहिलेली नाही, आता पाहा. त्यांनी दांडी बसवली आणि स्टेपलर हातात घेतला. उंदीर दांडीपाशी आला, पाय ठेवला.

खट्ट!

उंदराने कान हलवला नाही. तो तोंड धुऊ लागला.

"जरा बुजलाय," प्राचार्य म्हणाले.

उंदराने जाता जाता पुन्हा दांडीवर पाय दिला. खट्ट! त्याने सरांकडे पाठ केली. सरांच्या कपाळावर घाम आला. आता ते दांडीची वाट न बघताच दाबत सुटले. खट्ट! खट्ट! खट्ट! पिना उडून अध्यक्षबाईंच्या चपलेपाशी पडू लागल्या. उंदीर पेटीच्या कोपऱ्यात गेला, अंगाचा गोळा केला आणि डोळे मिटले. सरांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण खाली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती.

"सकाळी असं नव्हतं हो," हेडक्लार्क मागून हळहळले. "सकाळी काय सुरेख धावत होता! मी एक अहवाल जोडला की हा वाटीकडे. दुसरा जोडला की परत वाटीकडे. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग प्रत्येकाला एकेकदा वाजवायचं होतं. ग्रंथपालांनी तर रांग सोडून दोनदा वाजवलं."

"आणि खायला काय दिलंत?" सरांचा आवाज चिरकला.

"खायला कशाला? आवाजावरच नाचत होता की. मग हळूहळू मंदावला. शेवटी शेवटी बघेचना. मी म्हटलं, बिघडला असेल."

सर संतापले. इतक्या दिवसांची मेहनत, बायकोची हद्दपारी, सापळा, विषाच्या गोळ्या, आणि हे लोक! त्यांनी तोंड उघडलं ते चांगलं खरमरीत बोलण्यासाठी. पण त्यांची नजर झोपलेल्या उंदराकडे गेली आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बाई, प्रयोग झालाय," ते सावकाश म्हणाले. "मी दाखवणार होतो तो नाही. त्याच्या पुढचा. हा आवाज त्याला प्रिय होता, कारण त्यापाठी नेहमी दाणा यायचा. आज सकाळी सगळ्यांनी मिळून त्याला नुसताच आवाज दिला. तो धावला, पुन्हा धावला, आणि मग थांबला. आवाज तोच आहे. त्यातली गोडी गेली."

अध्यक्षबाई वाकून उंदराकडे बघत राहिल्या. "म्हणजे पोकळ कौतुक त्याने ओळखलं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि मोकळेपणाने हसल्या. "माझ्या विद्यापीठात याला व्याख्यानाला बोलवायला हवं."

अहवालात त्यांनी लिहिलं, की संशोधनात संस्थेतील सर्व घटकांचा सक्रिय सहभाग दिसून आला. माळी आणि ग्रंथपाल दिवसभर छाती काढून फिरत होते.

समिती गेली. प्राचार्यांनी सरांना मिठीच मारली. "वा सर! वा! काय बोललात! कॉलेजचं नाव काढलंत!" पुष्पगुच्छ अध्यक्षबाई विसरून गेल्या होत्या, तो प्राचार्यांनी सरांच्या हातात दिला.

"साहेब, मग खोलीचं?"

"अहो, खोलीचं काय घेऊन बसलात? प्रयोगशाळेचं नाव झालं, आता खोली असली काय नि नसली काय! बाहेर अजून खुर्च्या उभ्या आहेत, तेवढी पेटी आजच हलवा. पुढच्या वर्षी बघू. पण तुमच्यासारखा माणूस, वा!"

आणि सर "हो, हो" म्हणाले. पेटी, पिंजरा आणि पुष्पगुच्छ सावरत ते हसतमुखाने घरी आले. जिन्यात काका भेटले, त्यांना सगळी हकिकत सांगितली. दार उघडल्याबरोबर बायकोलाही सांगितली. अध्यक्षबाई काय म्हणाल्या, प्राचार्यांनी मिठी कशी मारली, अहवालात काय लिहिलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"छान झालं," ती म्हणाली. "खोली मिळाली ना?"

सर पुष्पगुच्छासकट खाली बसले. त्यांना फार वाईट वाटलं. खोली गेल्याचं तर वाटलंच, पण खोली गेली हे घरी येईपर्यंत आपल्या लक्षातच आलं नाही, याचं त्याहून जास्त वाटलं.

बायकोने डबा उघडला आणि मूठभर शेंगदाणे पिंजऱ्यात टाकले, आवाजबिवाज काही न करता.

"हा एका सकाळीत शिकला," सर म्हणाले.

"हुशार आहे तो."

"आणि मी?"

"तुम्ही प्राध्यापक आहात," बायको म्हणाली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी प्राचार्यांचा फोन आला. "वा सर! काय सांगू तुम्हाला! अध्यक्षबाईंचं पत्र आलंय. दहा कॉलेजांचे प्रमुख घेऊन त्या पुन्हा येतायत, खास आपला उंदीर बघायला! म्हणतात, तो आवाजाला पुन्हा कसा वश होतो तेही दाखवा. मी लगेच हो म्हणून टाकलं. म्हटलं, आमचे सर आहेत! असा माणूस शोधून सापडायचा नाही!"

सर कान देऊन ऐकत होते. प्राचार्य आणखी पुष्कळ बोलले. शब्द तेच होते, आवाजही तोच होता, पण या वेळी सरांना काहीही झालं नाही.

"उंदीर येणार नाही," ते म्हणाले.

"का? आजारी आहे?"

"नाही. शिकलाय."

"म्हणजे? हवंय काय त्याला?"

"खोली. रिकामी. आधी."

"अहो, बघू की! तुमच्यासारखा माणूस—"

सरांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत प्राचार्यांचं कौतुक त्यांनी मध्येच कधी तोडलं नव्हतं. फोन पुन्हा वाजला. त्यांनी वाजू दिला. दार उघडं होतं म्हणून काकाही येऊन उभे राहिले. बायको गठ्ठे तपासायचं थांबवून त्यांच्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी उचलला.

पलीकडून फरशीवर काहीतरी जड ओढल्याचे आवाज येत होते. करकर, धडाम, पुन्हा करकर.

"ऐका सर, ऐका!" प्राचार्य धापा टाकत ओरडत होते. "खुर्च्या बाहेर काढतोय! येतोय का ऐकू?"

"आवाज येतोय," सर म्हणाले. "उद्या येऊन खोली बघतो, कुलूप लावून किल्ली खिशात टाकतो. उंदराचं मग बघू."